अकरा घरांचं वळण

गाडी वळणाला लागली आणि ताईचं कपाळ समोरच्या दांड्यावर आपटलं. फार लागलं नाही. पण आवाज झाला, आणि ताई ‘आई गं’ म्हणायच्या ऐवजी ‘मेल्यांनो’ म्हणाली, कारण कुठल्याही दुखण्यामागं कुणीतरी मेला असतोच याबद्दल ताईला सत्तर वर्षांत कधी शंका आली नव्हती. खाली चाकं किंचाळत होती. तो आवाज दातांतून कानात जात होता. डब्यातल्या सगळ्यांनी एकदम माना वर केल्या, आणि आवाज थांबत नाही म्हटल्यावर पुन्हा खाली घातल्या. गाडी नवी होती, सुरू होऊन वर्षच झालं होतं, आसनांना अजून कोऱ्या प्लास्टिकचा वास येत होता, आणि तरी इथं आली की ती गुडघे दुखणाऱ्या बाईनं जिना उतरावा तशी जपून जपून चालायची. ‘सरळ जायला काय धाड भरली होती हिला?’ ताई कपाळ चोळत म्हणाली. ‘मध्ये डोंगर आहे का नदी आहे? एवढा वळसा कुणाच्या बापासाठी घातलाय?’ समोरचा माणूस हसला. ताईशेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीला हसू आलं नाही. खिडकीतून क्लबचा पोहण्याचा तलाव दिसत होता, निळा, स्वच्छ, चारी कोपरे काटकोनात. पाण्यावर एक जाडा माणूस उताणा तरंगत होता, डोळे मिटून, पोट वर करून. कामाचा दिवस होता, सकाळचे अकरा वाजले होते. बावीस किलोमीटरची ती सबंध लाइन त्या पोटाला अदबीनं वळसा घालून पुढं जात होती आणि त्यानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. पलीकडच्या खिडकीतून तिनं बघितलं नाही. त्या बाजूला खाली खांब होते, आणि कुठल्या खांबाखाली कुणाचं स्वयंपाकघर होतं ते तिला पाठ होतं. ‘तोंड का असं केलंयस, छोटे?’ ताई म्हणाली. ‘आपटलं मला, सुजलं तुझं.’

ताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं म्हणून तिनं रजा घेतली होती. डॉक्टरच्या बाकावर ताई डोळ्यांत थेंब घालून, मान मागं टाकून बसली, आणि ती शेजारी बसून भिंतीकडं बघत राहिली. राग येत होता. कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून तो मिळेल त्याच्यावर जात होता: दार आपटणाऱ्या कंपाउंडरवर, ताईच्या घोरण्यावर, ‘कुणाच्या बापासाठी’ या दोन शब्दांवर. सव्वीस वर्षं तिनं जमिनी घेतल्या होत्या, रस्त्यासाठी, पुलासाठी, शेवटी या गाडीसाठी. भूसंपादनाच्या कचेरीत तिच्या हाताखाली चौदा माणसं होती आणि त्यांनी तिचं नाव ‘मलमपट्टी’ ठेवलं होतं. जिथं लोक दगड घेऊन उभे राहायचे तिथं तिला पाठवायचे. ती पोलीस न घेता जायची. घरात जाऊन बसायची, पाणी मागायची, पोरांची शाळा विचारायची, म्हाताऱ्यांच्या औषधांची नावं वाचून दाखवायची, आणि दोन-तीन खेपांनी लोक सही करायचे. सव्वीस वर्षांत एकाही घराचं सामान तिनं बाहेर फेकू दिलं नव्हतं. निरोप समारंभात हेच सांगतील असं तिला वाटायचं. तो समारंभ दहा महिन्यांवर आला होता, आणि मनातल्या मनात ती त्या भाषणाला मान खाली घालून, थोडं हसून, हात जोडून उत्तरही देऊन चुकली होती.

संध्याकाळी ताई कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवून खुर्चीत बसली. ताईनं चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात काढली होती, गजावर कापड मोजत आणि कात्रीचं टोक लावून एका झटक्यात सरळ फाडत. तिच्या त्या पगारावर धाकटी शिकली. त्याबद्दल ताई कधी बोलायची नाही, पण वाकडी फाटलेली कुठलीही गोष्ट तिला सहन होत नसे. ‘मी विचारत होते त्याचं उत्तर नाही दिलंस,’ ताई म्हणाली. ‘तुझ्याच खात्याची ना ती गाडी? सरळ का नाही नेली?’

आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिनं सांगितलं. गाडीची पहिली आखणी सरळच होती. ती क्लबच्या तलावाचा एक कोपरा आणि गाड्या उभ्या करायचं पटांगण खाणार होती. एकही घर जात नव्हतं. मग आखणी वळवली, तलाव वाचला आणि मागच्या गल्लीतली अकरा घरं गेली. ताईनं फडकं काढलं.

‘कुणी वळवली?’

‘मी.’

‘मग तुला काय मिळालं?’

‘काही नाही.’

‘काहीच नाही? बढती?’

‘ती दुसऱ्याला मिळाली.’

‘क्लबात फुकट पोहायला?’

‘ताई, मला पोहता येत नाही.’

‘म्हणजे फुकट केलंस?’ ताईचा आवाज चढला. ‘अगं, खाल्लं असतंस तरी समजलं असतं. लोक खातात. पोट असतं, पोरंबाळं असतात, हाव असते. पण फुकट? अकरा घरं? हौस म्हणून?’

‘मला साहेबांनी सांगितलं.’

‘काय सांगितलं?’

ती ताईवरच ओरडली, की तुला कचेरीतलं काय कळतंय, कात्री चालवण्याइतकं सोपं असतं का ते, आणि तुला सांभाळायचं होतं म्हणून मी आयुष्यभर मान खाली घालून... ‘माझं नाव त्यात घालायचं नाही,’ ताई म्हणाली. अगदी हळू म्हणाली, आणि उठून आत गेली. ताटं झाकलेली तशीच राहिली.

साहेबांनी काय सांगितलं होतं? हेच तर. तिला तो दिवस नको इतका स्वच्छ आठवत होता. मोठ्या साहेबांनी बोलावलं, बसा म्हणाले, नकाशा टेबलावर पसरलेला होता आणि त्यावर त्यांचा चहाचा कप होता. साहेब म्हणाले, ‘इथं जरा अडचण आहे. बघा काही जमतंय का.’ एवढंच. तलावाचं नाव नाही, क्लबचं नाव नाही, वरून कुणाचा फोन आला त्याचं नाव नाही. त्यांनी कप उचलला तेव्हा त्याचं गोल ओलं वर्तुळ नेमकं तलावाच्या कोपऱ्यावर उमटलं होतं, ते त्यांनी रुमालानं टिपलं. साहेब दरडावले नाहीत, तिची बदली करीन म्हणाले नाहीत. वाईट माणूसही नव्हते; कुणाकडं आजारपण असलं तर आपली गाडी पाठवायचे. ती उठली, खोलीत आली आणि कामाला लागली. नऊ दिवसांत तिनं जमवलं. कुठून वळवली तर घरं कमीत कमी जातात, कुठल्या गल्लीत वकील नाही, कुठले लोक सही देतील, सगळं तिनंच शोधलं, आणि शोधताना तिला चांगलं वाटत होतं. ती आठवण सगळ्यात वाईट होती. जेवायचं विसरून ती नकाशावर वाकलेली असायची, कोड्याचं उत्तर सापडत आल्यावर होतं तसं पोटात हलकं हलकं व्हायचं. टिपण लिहिलं, ‘तांत्रिकदृष्ट्या अधिक सोयीची आखणी’. ‘सोयीची’ या शब्दावर ती अर्धा तास थांबली होती, कारण आधी ‘योग्य’ लिहिलं होतं आणि ते खोटं वाटत होतं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, ‘वा.’ मिळालं असेल तर ते मिळालं होतं. एक ‘वा’.

आणि मग हरकतींची सुनावणी. अकरा घरांपैकी दहांनी अर्ज केले, रडले, शिव्या दिल्या, आणि तिनं सगळं ऐकून घेतलं. अकरावा लेथवाला होता. पुढच्या खोलीत बापाच्या वेळचं, लोखंड कातायचं लेथ मशीन, मागं दोन खोल्यांत संसार, बायको आणि म्हातारी आई. तो रडला नाही. त्यानं खिशातून एक पोलादी पट्टी काढली, बाहीला पुसली आणि तिच्या टेबलावरच्या नकाशावर ठेवली. ‘बाई,’ तो म्हणाला, ‘हे एक स्टेशन आणि हे दुसरं. पट्टी दोन्हीकडं लावली तर माझं घर लागत नाही. कुणाचंच लागत नाही.’ ती म्हणाली, आखणी तज्ज्ञांनी केली आहे. तो म्हणाला, ‘पट्टी लोखंडाची आहे बाई, तिला कुणाची ओळख नाही. एकदा सरळ रेघ मारून दाखवा, मग मी उद्या घर सोडतो.’ खोलीत सगळे तिच्याकडं बघत होते. ती त्याच्याशी, नेहमी सगळ्यांशी बोलायची तशी, गोड बोलली: ‘दादा, आखणी एकच झाली. दुसरी कधी नव्हतीच.’ त्यानं पट्टी उचलली, खिशात ठेवली. पुढं ते अकराही लवादाकडं गेले तेव्हा हेच वाक्य तिनं शपथेवर लिहून दिलं. तिथं ते प्रकरण अजून चालू होतं. तारखा पडत होत्या. कचेरीत त्याला कुणी प्रकरण म्हणतही नव्हतं, ‘ते गल्लीवाले’ म्हणायचे, एखाद्या जुन्या खोकल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली ती थेट जुन्या दप्तराच्या खोलीत. दप्तर सांभाळणारे काका दम्याचे होते, धुळीत काम करायचं म्हणून नाकाला रुमाल बांधून बसायचे आणि चोरासारखे दिसायचे. ‘मॅडम, तुम्ही कशाला आलात, मला हाक मारायची.’ तिनं त्यांना चहाला पाठवलं. पहिली आखणी तिला लगेच सापडली, कारण आठ वर्षांपूर्वी ती तिथं कुणी ठेवली होती ते तिला माहीत होतं. फाडून टाकायचा धीर झाला नव्हता, आणि आपण कागद फाडत नाही याचाही तेव्हा तिला अभिमान वाटला होता. गुंडाळी उलगडली. रेघ सरळ होती. दोन स्टेशनांच्या मध्ये, तलावाचा कोपरा कापत, ताईनं फाडलेल्या कापडासारखी सरळ. कोपऱ्यात ‘पाहिला’ असा शेरा, तारीख आणि तिची सही. किती सुबक सही. शेवटच्या अक्षराला छोटीशी वेलांटी काढायची तिला सवय होती, ती इथंही काढलेली होती. आणि त्या वेलांटीचा तिला इतका राग आला की तिनं ती नखानं खरवडायला सुरुवात केली, आणि कागदाचा एक धागा उठला तशी थांबली. धूळ घशात गेली होती. खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं, आणि काका चहा घेऊन परत आले तेव्हा म्हणाले, ‘मी सांगत होतो मॅडम, ही खोली माणसाला रडवते.’

लेथवाला कुठं असतो ते शोधायला वेळ लागला नाही; प्रकल्पात घर गेलेल्यांना नोकऱ्या दिल्याची यादी तिच्याच सहीनं गेली होती. तो गाड्यांच्या कारखान्यात होता, जिथं रात्रभर उभ्या राहिलेल्या गाड्या धुतात आणि तपासतात. दुपारी ती तिथं पोचली. लांबच लांब छपराखाली रुळांच्या मध्ये खड्डा, खड्ड्यात मशीन, मशीनवर चाक फिरतंय आणि त्यातून लोखंडाचे कुरळे निळे भुगे निघतायत. तो खड्ड्यात उभा होता, चष्मा लावून. केस पांढरे झाले होते. त्यानं तिला ओळखलं आणि मशीन थांबवलं नाही. चाक पुरतं तासून होईपर्यंत ती वर, रुळांच्या कडेला, बूट घातलेल्या लोकांच्या जाण्यायेण्यात उभी राहिली.

‘बोला,’ तो शेवटी म्हणाला.

काय बोलायचं ते ठरवून आलेली ती भलतंच बोलली. ‘इथं काय करता तुम्ही?’

‘चाकं तासतो. त्या वळणावर एका बाजूची कड झिजते ना, म्हणून लवकर लवकर तासावी लागतात. सरळ गेली असती गाडी तर या मशीनला एवढं काम नव्हतं आणि मलाही नव्हतं.’ त्यानं हात पुसले. ‘तुमच्या वळणावर माझी चूल चालते बाई. आई हसायची सांगताना. गेली ती. सातव्या मजल्यावर दिलं होतंत घर. ती खाली उतरलीच नाही, शेवटचीच उतरली.’

‘आणि तुमचं मशीन?’

‘सातव्या मजल्यावर लेथ कोण ठेवू देतं? भंगारात गेलं.’

तिनं गुंडाळी उघडली. त्याचे हात तेलाचे होते, म्हणून त्यानं ती हातात घेतली नाही. तिलाच दोन्ही हातांनी दिव्यासमोर धरायला लावली, आणि खड्ड्यातून वर मान करून बघत राहिला. बराच वेळ. तिचे दंड दुखायला लागले. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, फक्त ओठ, मनातल्या मनात माप घ्यावं तसे.

‘होती म्हणजे,’ तो म्हणाला.

‘होती.’

‘आणि तुम्ही मला दादा म्हणालात.’ तो एवढंच म्हणाला, आणि तिला वाटलं त्यानं त्यापेक्षा तो भुगा तोंडावर फेकला असता तर बरं. ‘आता का आणलीत? निवृत्त होताय म्हणून?’

‘मला राग आलाय.’

‘कुणाचा?’

तिनं नकाशाची गुंडाळी करायला घेतली. तो हसला, त्या हसण्यात हसू नव्हतं. ‘मला आठ वर्षं येतोय. मी कुणाच्या कामावर जाऊन सांगत बसलो नाही.’ मग त्यानं मशीनची पुढची खूण लावली, आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, ‘तो कागद मला देऊ नका. मी चोरला म्हणतील. तुमच्या तोंडानं सांगा तिथं. बारा तारखेला तारीख आहे, साडेदहाला. आम्ही दहालाच जातो, नाहीतर बाकावर जागा मिळत नाही.’

बारा तारखेपर्यंत नऊ दिवस होते. तेवढ्या दिवसांत तिनं त्या नकाशाची प्रत काढली, त्यावर ‘मुळाबरहुकूम’ असा शिक्का मारला, सही केली, आणि साक्ष द्यायची आहे असा अर्ज लवादाला टाकला. चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांचा फोन आला. ते आता अजून मोठे झाले होते. ‘दहा महिने राहिलेत तुमचे,’ ते म्हणाले. ‘मनस्ताप कशाला करून घेता? तब्येत बरी नसेल तर रजा घ्या ना.’ आवाजात खरोखरची काळजी होती. ती म्हणाली, ‘साहेब, त्या दिवशी तुम्हाला फोन कुणाचा आला होता?’ ‘कुठल्या दिवशी?’ साहेब म्हणाले. आणि ते नाटक नव्हतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. फोन ठेवल्यावर तिनं टेबलावरचं वजन उचललं आणि परत ठेवलं, पुन्हा उचललं. शिपाई दारातून डोकावून गेला. अकरा घरं, एक मेलेली म्हातारी, भंगारातलं मशीन, आणि तो दिवस सगळ्यांत फक्त तिच्या एकटीच्या डोक्यात उरला होता, कप, रुमाल आणि ओल्या वर्तुळासकट.

लवादाची खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. खात्याचा वकील तरुण होता, सौम्य होता, आणि त्यानं तिच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. ‘मॅडम, तुमच्या हाताखालून तेव्हा किती नकाशे जायचे?’ पुष्कळ, ती म्हणाली. ‘आणि ही नुसती कच्ची रेघ असू शकते? चर्चेपुरती? म्हणजे आखणी म्हणून तुमच्या लक्षात राहिली नसेल.’ त्यानं मान किंचित हलवली, हो म्हणा, एवढीच. तिला ते दार स्वच्छ दिसलं. त्या दाराबाहेर दहा महिने होते, हारतुरे होते, पेन्शन होतं, ताईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मागच्या बाकांवर गल्लीतली माणसं होती, लेथवाला कडेला, शेजारी कपडे शिवणारी म्हातारी, पिशवी मांडीवर घेऊन. त्यांतलं कुणी तिच्याकडं आशेनं बघत नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत होते.

‘लक्षात होती,’ ती म्हणाली. ‘नजरचूक नाही, विसरही नाही. पहिली आखणी मी पाहिली, दुसरी मी जमवली. पहिली नव्हतीच असं शपथेवर लिहून दिलं तेव्हा ती माझ्याच दप्तरात होती.’

‘कुणाच्या दबावाखाली?’ लवादाच्या अध्यक्षांनी विचारलं.

हाच प्रश्न तिला हवा होता असं तिला इतके दिवस वाटत होतं. उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं आणि छातीतून जे वर आलं ते तिलाही ओळखीचं नव्हतं. ‘दबाव नव्हता!’ ती ओरडली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तिनं कुणावर आवाज चढवला नव्हता, आणि आता तो फाटलेला, चिरका निघाला. ‘मला कुणी धमकी दिली नाही. कुणी काही दिलं नाही. साहेब म्हणाले, बघा जमतंय का, आणि मी जमवलं! एकदा कुणी दरडावलं असतं तर मी घाबरले असं म्हणता आलं असतं. मी घाबरलेसुद्धा नव्हते!’ आवाज खाली, कारकून म्हणाला. तिनं समोरच्या कठड्यावर हात आपटला, आणि तो दुखला, आणि दुखल्याचं तिला बरं वाटलं. ‘या लोकांच्या घरी मी पाणी प्यायले,’ ती म्हणाली. ‘लिहा ते.’ कारकुनानं अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्ष म्हणाले, लिहा.

आठवड्याभरात निलंबनाचा कागद आला. तिनं तो ताईसमोर ठेवला. एक डोळा झाकून दुसऱ्यानं ताईनं तो शेवटपर्यंत वाचला. ‘आता रोज घरात बसणार तू?’ ती म्हणाली. ‘मग कपाटं तरी आवर. आणि मी दुकानात विचारून येते, कापड अजून हातानं कळतं मला.’ गेल्या कित्येक दिवसांत ताई तिच्याशी सरळ बोलली होती ती एवढीच. पुढच्या तारखेला तिला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती गेली, दहाला, आणि बाकाच्या टोकाला बसली. कुणी सरकलं नाही, कुणी उठूनही गेलं नाही. बारा वाजता कारकून दारात येऊन म्हणाला, आज होणार नाही, पुढच्या महिन्यात. ती ताडकन उठली. ‘का होणार नाही? ही माणसं दहापासून...’ कपडे शिवणाऱ्या म्हातारीनं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. ‘ओरडू नका बाई,’ ती म्हणाली. ‘इथं ओरडलं की पुढची तारीख आणखी लांबची देतात.’ आणि पिशवी उचलून, गुडघ्यावर हात टेकत, ती जिन्याकडं निघाली.

त्यानंतर चार तारखा झाल्या. निकाल लागला तेव्हा उन्हाळा होता आणि खोलीतला पंखा बंद होता. अध्यक्षांनी तो सावकाश वाचला. सरळ आखणी होती. ती लपवण्यात आली. अकरा घरांचं संपादन हेतुपुरस्सर होतं. गाडी धावते आहे, सबब घरं परत देता येत नाहीत; त्याच भागात, तळमजल्यावर, तेवढ्याच जागेची घरं वर्षाच्या आत खात्यानं बांधून द्यावीत. संबंधितांची चौकशी व्हावी. संबंधितांत पहिलं नाव तिचं होतं. दुसरं नाव नव्हतंच. साहेबांनी कुठंच काही लिहिलेलं नव्हतं. क्लबचा उल्लेख एकदा आला, शेजारची मिळकत म्हणून. वाचून संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अकरापैकी तीन घरांत आता अर्ज करणारी माणसंच उरली नव्हती, त्यांची पोरं आली होती, आणि ती पोरं फोनवर कामावर कळवत होती की अजून थोडा उशीर होईल. म्हातारी रडली, पण ती आधीपासूनच रडत असावी.

निकालाची प्रत तळमजल्यावर, एका खिडकीत मिळायची. तिला ते माहीत होतं, म्हणून ती सगळ्यांच्या आधी खाली उतरली. आतला कारकून डबा बंद करत होता. ‘उद्या या,’ तो म्हणाला. तिनं खिडकीच्या गजांत हात घातला. सगळे नियम तिला पाठ होते, किती दिवसांत प्रत द्यायची असते, कुणाच्या सहीनं, नाही दिली तर तक्रार कुठं करायची, आणि ते सगळं ती एका दमात, दात आवळून सांगू लागली. कारकून गडबडला, वही उघडू लागला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटलं, अंगात तेच जुनं हलकं हलकं येऊ लागलं, सुटत आलेल्या कोड्याचं. तेवढ्यात खांद्यापाशी कुणीतरी उभं राहिलं. लेथवाला होता. मागं बाकीचे जिन्यावरून एकेक करून उतरत होते.

‘बाई, बाजूला व्हा,’ तो म्हणाला.

‘तो आज देईल, मी सांगतेय त्याला...’

‘कागद आमचा आहे. आम्ही मागू.’

तो रागानं म्हणाला नाही. गजांतला तिचा हात निघेपर्यंत थांबला. मग तो खिडकीसमोर उभा राहिला, त्याच्या मागं म्हातारी, तिच्या मागं ती फोनवाली पोरं, आणि त्यानं आत बघून आपलं नाव सांगितलं. कारकुनानं वहीत बोट फिरवायला सुरुवात केली. ती क्षणभर तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. मग ती चालत गेली आणि रांगेत, सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.